सातबाऱ्यावरचा बेंथम

सातबारा उताऱ्यावर क्षेत्राच्या शेजारी ‘आकार’ म्हणून शेतसाऱ्याची एक रक्कम असते. बहुतेकदा दोन-चार रुपये आणि वर काही पैसे. जवळच ‘पोटखराब’ असा रकाना असतो, म्हणजे सर्व्हे नंबरातला न पिकणारा तुकडा. जमीन विकणारा, घेणारा, कर्ज देणारी बँक, कोणीही या आकाराकडे ढुंकून पाहत नाही. चहा-बिस्किटांचा खर्च त्याहून जास्त होतो. पण ही नगण्य रक्कम ज्या पाहणीतून निघाली, त्या पाहणीचा उगम शोधत गेलं की वाट इंदापूर तालुक्यातून निघते आणि लंडनमधल्या एका तत्त्वज्ञाच्या अभ्यासिकेपर्यंत पोचते. जेरेमी बेंथम हा तो तत्त्वज्ञ आणि उपयुक्ततावाद हे त्याचं तत्त्वज्ञान. या विचाराबद्दल आपल्याकडे दोन ठरलेली मतं आहेत. एक, हे पाश्चात्त्यांचं कोरडं सुखाचं गणित आहे. दुसरं, आधुनिक कायदा, आरोग्यव्यवस्था आणि सुधारणा त्यातूनच आल्या. दोन्ही मतं खरी आहेत, म्हणूनच त्यांपैकी एकावर थांबता येत नाही. एकाच विचाराने एके ठिकाणी माणसं जगवली आणि दुसरीकडे गावं ओस पाडली, तर फरक कशाने पडला, हा प्रश्न उरतो. माझं उत्तर असं आहे की उपयुक्ततावादाने जगाला हिशेबाची एक वही दिली, आणि त्या वहीचं पुढे काय झालं ते ती कोणाच्या हातात होती यावर ठरलं. ही गोष्ट त्याच्या संस्थापकांना पक्की ठाऊक होती. आपल्याला वही देताना ते ती सोयीने विसरले.

बेंथमचा जन्म १७४८ चा, मृत्यू १८३२ चा. त्याचं मुख्य पुस्तक १७८९ साली, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षी, बाजारात आलं. तोवर एखादा कायदा योग्य का, या प्रश्नाला तो जुना आहे, ईश्वरी आहे किंवा निसर्गसिद्ध आहे, असं उत्तर चालत असे. बेंथमने ही सगळी उत्तरं बाजूला सारली आणि एकच विचारलं: याने कोणाचं सुख वाढतं, कोणाचं दुःख वाढतं, आणि किती? या हिशेबात सरदाराच्या सुखाला मोलकऱ्याच्या सुखापेक्षा जास्त वजन नाही, ही त्याची दुसरी अट होती. पहिल्या प्रश्नापेक्षा ही अट जास्त स्फोटक होती. जिथे जन्मावरून माणसाची किंमत ठरते, अशा कुठल्याही समाजात ती आजही स्फोटकच आहे. जनावरांचा विचार करतानाही त्यांना बुद्धी आहे का, बोलता येतं का हे न विचारता त्यांना वेदना होतात का एवढंच विचारा, असं त्याने त्या काळात लिहून ठेवलं होतं.

या वहीची दोन्ही रूपं एकाच माणसाच्या हातून दिसावीत, असा योग इंग्लंडमध्ये आला. एडविन चॅडविक हा बेंथमच्या अखेरच्या काळातला त्याचा सहायक. १८३४ च्या गरिबांच्या कायद्यामागे त्याची बुद्धी होती. गरिबांच्या पोषणाचा बोजा करदात्यांवर वाढतो आहे. तेव्हा मदत हवी असेल त्याने सक्तीच्या कामाच्या आश्रमगृहात यावं आणि तिथलं जिणं बाहेरच्या सगळ्यात हलक्या मजुराच्या जिण्यापेक्षाही वाईट असावं, म्हणजे खरा गरजू तेवढाच येईल, असा तो हिशेब होता. कागदावर तो चोख होता. १८४५ मध्ये अँडोव्हर गावच्या आश्रमगृहात खतासाठी हाडं कुटायला बसवलेली माणसं भुकेपोटी त्या कुजक्या हाडांतला मगज चोखत असल्याचं उघड झालं आणि सारा देश हादरला. याच चॅडविकने मधल्या काळात, १८४२ मध्ये, कष्टकऱ्यांच्या वस्त्यांतल्या आरोग्यावर एक अहवाल लिहिला होता. त्यात लिव्हरपूलच्या वरच्या वर्गातल्या माणसाचं मृत्यूसमयीचं सरासरी वय ३५ आणि मजुराचं १५ असल्याचे आकडे होते. त्या आकड्यांनी गटारं, नळ आणि १८४८ चा सार्वजनिक आरोग्याचा कायदा ओढून आणला. माणूस तोच, पद्धत तीच. १८३४ मध्ये त्याने करदात्याच्या खिशातले पैसे मोजले आणि १८४२ मध्ये मजुराच्या पोराचे श्वास. शिवाय अँडोव्हरची बातमी वर्तमानपत्रांत छापून येऊ शकली, पार्लमेंटात चौकशी होऊ शकली आणि त्या धक्क्याने गरिबांच्या कायद्याचं मुख्य मंडळ १८४७ मध्ये मोडीत निघालं. चुकीचा हिशेब मांडणाऱ्याला जाब विचारणारं तिथे कोणी तरी होतं.

आता पुण्याकडे वळू. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला. इथला पहिला इंग्रज कारभारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, त्याचा स्वभाव जुन्या घडीला शक्यतो हात न लावण्याचा. पण त्याच्या मागून आलेल्या तरुण अधिकाऱ्यांच्या डोक्यात नवं अर्थशास्त्र होतं. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये, म्हणजे कंपनीच्या मुख्य कचेरीत, १८१९ पासून बेंथमचा जवळचा सहकारी जेम्स मिल महसुलाच्या खलित्यांची कामं पाहत होता. हिंदुस्थानचा भला मोठा इतिहास त्याने लिहिला होता. तो कधी इथे आला नव्हता आणि त्याला इथली एकही भाषा येत नव्हती. त्यामुळे आपली दृष्टी निर्मळ राहिली, असं त्याने प्रस्तावनेत गंभीरपणे म्हटलं आहे! जमिनीबद्दल त्याचा सिद्धांत अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोकडून आलेला होता: पिकातून लागवडीचा सारा खर्च आणि शेतकऱ्याचा वाजवी नफा वजा केला की उरतो तो खंड, तो कोणाच्या कष्टाचा नाही, म्हणून सरकारने तो घेतला तर कोणाचंच नुकसान होत नाही. बसून खाणाऱ्या जमीनदारापेक्षा तो सरकारकडे गेलेला केव्हाही बरा. हेलीबरीला कंपनीच्या कॉलेजात शिकून आलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाचा तरुण अधिकारी हा सिद्धांत घेऊन १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्यात पाहणीला लागला.

प्रिंगलचं काम पाहिलं की थक्क व्हायला होतं. शेतं मोजायची, मातीची प्रतवारी लावायची, प्रत्येक प्रतीच्या जमिनीत काय पिकतं, बैलांचा खर्च किती, बियाणं किती, खत किती, मजुरी किती, हे सगळं टिपायचं, त्याची सरासरी काढायची, वजाबाकी करायची आणि जे निव्वळ उत्पन्न उरेल त्याचे ५५ टक्के सरकारचे. हे कोणा लुटारूचं काम नव्हे. वाजवी कर ठरवण्याची याहून प्रामाणिक धडपड त्या काळात क्वचितच कोणी केली असेल. आणि तरी १८३० मध्ये आकारणी लागू झाली तेव्हा ती कोसळली. निव्वळ उत्पन्न हा आकडा कुठल्याच शेतात उगवत नाही. तो गृहीत धरलेल्या भावांतून, गृहीत धरलेल्या पावसातून आणि हाताखालच्या कारकुनांच्या नोंदींतून तयार होतो. धान्याचे भाव पडले. पाऊस रिकार्डोला विचारून पडत नाही, तोही हुकला. प्रतवारी लावणाऱ्या कनिष्ठांनी पैसे घेऊन चांगल्या जमिनी हलक्या आणि हलक्या जमिनी चांगल्या दाखवल्या. थकबाकी चढत गेली, वसुलीची सक्ती वाढली आणि इंदापूर भागात कुळं जमिनी टाकून निघून गेली. साहेबाच्या वहीत उत्पन्न होतं आणि रानात गवत.

पुढे १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापुरातच नव्याने सुरुवात केली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. आधी किती वसूल होत आला, गाव बाजारपेठेपासून किती लांब, पाऊस कसा, हे पाहून दर ठरवले आणि ते कमी ठेवून तीस वर्षांसाठी बांधून दिले. माती पाहण्याची त्यांची रीत अगदी हाताशी धरता येण्यासारखी होती. शेताचे चौकोन पाडायचे, खणून खोली पाहायची. पावणेदोन हात खोल, काळी, एकजीव माती असेल तर सोळा आणे, आणि तिथून उतरत उतरत नऊ प्रती. मग दोष धरायचे: चुनखड आहे का, उतार आहे का, जमीन उपळवट म्हणजे पाझराने पाणावणारी आहे का. प्रत्येक दोषाला एक प्रत खाली. हे शब्द गावचे होते, लंडनचे नव्हते. आजच्या सातबाऱ्यावरचा आकार याच घराण्यातला. हेही तितकंच खरं की ही सुधारणा साहेबाने आपल्याच अनुभवावरून केली होती. शेतकऱ्याला विचारून नव्हे. म्हणून तीस वर्षांनी, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी पाहून फेरआकारणीत दर चढवले गेले, तेव्हा तेजी ओसरल्याचं सांगणारा आवाज आकारणीच्या दफ्तरापर्यंत पोचायला रस्ता नव्हता. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे पेटवले आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. त्या उठावाची कारणं अनेक होती, सावकारी हे त्यातलं मोठं. पण चढलेला सारा त्यातून वगळता येत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कंपनीला पैसा हवा होता आणि तो तिने कुठलंही तत्त्वज्ञान नसतं तरी वसूल केला असता. मग बिचाऱ्या बेंथमला आरोपीच्या पिंजऱ्यात का उभं करायचं? आक्षेपाचा पहिला भाग मान्यच करायला हवा. लोभाला सिद्धांत लागत नाही. पण सिद्धांताने लोभाला एक गोष्ट दिली, ती म्हणजे खात्री. जुना मामलेदार जास्त वसूल करताना आपण पिळतो आहोत हे जाणून होता. पाटील-कुलकर्ण्यांशी घासाघीस करावी लागे, सूट द्यावी लागे, कारण त्याच्या आकड्यामागे शास्त्र नव्हतं. प्रिंगलच्या आकड्यामागे शास्त्र होतं. शेतकरी ओरडला तर तो अज्ञानी किंवा लबाड ठरत होता, कारण वजाबाकी बरोबर होती. पिळवणुकीपेक्षा ही आपण बरोबरच असल्याची भावना जास्त काळ टिकते.

आणि इथे जेम्स मिलचाच एक लेख त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा राहतो. १८२० मध्ये त्याने ब्रिटानिका विश्वकोशाच्या पुरवणीत राज्यसंस्थेवर लेख लिहिला. युक्तिवाद पक्का उपयुक्ततावादी होता: प्रत्येक माणूस स्वतःचं सुख शोधतो, राज्यकर्ताही माणूसच, तेव्हा त्याच्या हातात लगाम नसलेली सत्ता दिली तर तो इतरांच्या सुखाचा बळी देणारच, उपाय एकच, ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांच्या प्रतिनिधींनी राज्यकर्त्यावर नजर ठेवायची. बेंथमही आयुष्याच्या उत्तरार्धात याच निष्कर्षावर आला आणि सार्वत्रिक मताधिकाराचा पुरस्कर्ता झाला; नुसते सुज्ञ सल्ले देऊन सरकार सुधारत नाही, हे त्याला वीस-पंचवीस वर्षांच्या खटपटीनंतर कळलं होतं. म्हणजे हिशेबाची वही आणि तिच्यावर लोकांचा लगाम ही या विचाराची जोडी होती. मिलने इंग्लंडसाठी जोडी सांगितली. त्यातूनही स्त्रियांना वगळलं, कारण त्यांचं हित म्हणे बापाच्या किंवा नवऱ्याच्या हितात सामावलेलं असतं. आणि हिंदुस्थानसाठी त्याने प्रामाणिक इंग्रज अधिकाऱ्यांचं निरंकुश राज्य पसंत केलं. सत्ता माणसाला बिघडवते हा नियम सुएझच्या पलीकडे लागू पडत नाही, असंच जणू त्याला म्हणायचं होतं. पुण्यात १८७० मध्ये सार्वजनिक सभा निघाली तेव्हा गणेश वासुदेव जोशी आणि मंडळींनी सभासदासाठी एक विलक्षण अट घातली: किमान पन्नास लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणलं तरच सभासदत्व. मिलने आपल्याला नाकारलेला अर्धा भाग पुण्याच्या लोकांनी स्वतःच तयार करायला घेतला होता, असं मी या मुखत्यारपत्राकडे पाहतो.

कायद्याच्या क्षेत्रातही हीच कथा आहे. मेकॉलेने १८२९ मध्ये मिलच्या त्या लेखाच्या चिंधड्या उडवल्या होत्या. पण हिंदुस्थानात येऊन १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा केला तो बेंथमच्याच आराखड्यावर: एकाच ग्रंथात सगळे गुन्हे, नेमक्या व्याख्या, आणि खाली समजावणारी उदाहरणं. चोरीच्या कलमाखाली खजिन्याची पेटी वाहणारा एक बैल आहे; कोणी तो बैल पेटीच्या लोभाने हाकला की बैल हलताक्षणी चोरी घडते. संहिता १८६० मध्ये मंजूर झाली, १८६२ पासून लागू झाली आणि १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता येईपर्यंत टिकली. बैल नव्या संहितेतही चालतोच आहे. जात पाहून शिक्षा ठरवण्याच्या जुन्या व्यवहाराला या ग्रंथात जागा नव्हती, हे त्याचं ऋण कोणी नाकारू नये. पण त्याच संहितेत कलम ३७७ ही होतं. समलिंगी संबंधांनी कोणाला इजा होत नाही, म्हणून त्यांना शिक्षा असू नये, असं बेंथमने १७८५ च्या सुमारास लिहून ठेवलं होतं; छापायचं धाडस झालं नाही, ते लिखाण १९७८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या पद्धतीने लिहिलेल्या कायद्यात त्याचीच कसोटी लावली गेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये प्रौढांच्या संमतीचे संबंध या कलमातून बाहेर काढले, तेव्हा ज्यांना आजवर कोणी मोजलं नव्हतं ती माणसं अर्जदार म्हणून स्वतः कोर्टात उभी होती.

याच संहितेत १८७० मध्ये राजद्रोहाचं कलम १२४ अ घुसवण्यात आलं आणि १९०८ मध्ये त्या कलमाखाली लोकमान्य टिळक मंडालेला गेले. तिथे त्यांनी गीतारहस्य लिहिलं आणि त्यातलं चौथं प्रकरण आधिभौतिक सुखवादाच्या खंडनाला दिलं. बेंथमच्या आराखड्यावरच्या कायद्याने तुरुंगात टाकलेला माणूस तिथे बसून बेंथमच्या नीतीची उलटतपासणी घेतो, हा प्रसंग कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हटलं असतं. टिळकांचा पहिला आक्षेप संख्येवर आहे. कौरवांकडे अकरा अक्षौहिणी, पांडवांकडे सात. पुष्कळांचं पुष्कळ सुख हेच माप असेल तर कौरवांची बाजू न्यायाची ठरेल. आक्षेप मर्मावरचा आहे. गंमत अशी की बेंथमलाही तो उशिरा का होईना सुचला होता. १८२९ मध्ये त्याने हिशेब करून पाहिला: २००१ लोकांच्या बहुमताने २००० लोकांना गुलाम केलं, तर एकूण सुख वाढेल की घटेल? घटेल, असं त्याचं उत्तर होतं, आणि त्याने सूत्रातला ‘पुष्कळांचं’ हा शब्दच काढून टाकला. हे लिखाण त्याच्या हयातीत लोकांपुढे आलं नाही. जगाने जुनंच सूत्र पाठ केलं, आणि मंत्री, अधिकारी आजही तेच घोकतात.

टिळकांचा दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. अमेरिकेतल्या एका शहरात ट्रामच्या परवानगीला उशीर होत होता, म्हणून चालकाने अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्राम आली, लोकांची सोय झाली, तरी पुढे खटला होऊन शिक्षा झाली. परिणाम चांगला असूनही कृत्य वाईट. म्हणजे नीतीचा निवाडा कर्त्याच्या बुद्धीवरून व्हायला हवा, असा टिळकांचा निष्कर्ष. व्यक्तीच्या बाबतीत मला तो पटतो. राज्यकारभाराच्या बाबतीत मात्र तो अपुरा पडतो, आणि त्याला आपल्याच जिल्ह्यातला पुरावा आहे. प्रिंगलची बुद्धी शुद्ध होती. त्याने लाच खाल्ली नाही, जमीन लाटली नाही, रयतेचं कल्याण व्हावं म्हणून वर्षानुवर्षं खपला. त्याच्या बुद्धीवरून निवाडा केला तर तो सुटतो आणि ओस पडलेली गावं तशीच राहतात. शुद्ध बुद्धी अधिकाऱ्याच्या अंतःकरणात असते आणि तिथे कोणाला डोकावता येत नाही. परिणाम मात्र चारचौघांत दिसतात, मोजता येतात, त्यांवर बोट ठेवता येतं. ट्रामच्या लाचेचंही तसंच. ती वाईट ठरते ती केवळ मनाच्या मळामुळे नव्हे, तर ज्यांनी विश्वासाने अधिकार सोपवले त्यांच्या पाठीमागे सौदा झाला म्हणून.

मग सुखदुःख मोजण्याचा हा उद्योगच सोडून द्यावा आणि फक्त हक्कांची भाषा बोलावी, असा सल्ला अलीकडे बरेच अभ्यासक देतात. आकड्यांत माणूस हरवतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण आकड्यांअभावी माणूस जास्त सहज हरवतो. आगरकरांनी १८८८ पासून ‘सुधारका’तून केशवपनावर, बालविवाहावर हल्ला चढवला, तेव्हा शास्त्राधारांच्या जंगलात न शिरता या रूढीने कोणाला काय भोगावं लागतं, हा प्रश्न त्यांनी समाजापुढे उभा केला. जॉन स्टुअर्ट मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनातून आलेली ती धार होती. परंपरेचं मोल मोजता येत नाही, असं म्हणणाऱ्यांपैकी कोणाचंही डोकं भादरलं जाणार नव्हतं. आणि दादाभाई नौरोजींनी काय केलं? हिंदी माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न २० रुपये निघतं, असा हिशेब मांडून तो सरकारच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या कैद्याच्या शिध्याशेजारी ठेवला. गुन्हेगाराला तुरुंगात जेवढं मिळतं तेवढंही बाहेरच्या कष्टकऱ्याला मिळत नाही, हे साहेबाच्याच दफ्तरातल्या आकड्यांवरून दाखवलं. मोजली जाणारी माणसं स्वतः मोजायला लागली की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जेम्स मिलचा मुलगा जॉन स्टुअर्ट, त्याच्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो आपल्याकडे पुरेसा वाचला गेला आहे. त्याने वडिलांची एक चूक दुरुस्त केली. १८६७ मध्ये पार्लमेंटात स्त्रियांच्या मताधिकाराची सूचना आणली, १८६९ मध्ये स्त्रियांच्या पराधीनतेवर पुस्तक लिहिलं. दुसरी चूक त्याने तशीच ठेवली. पस्तीस वर्षं इंडिया हाउसमध्ये नोकरी केलेल्या या माणसाने १८५९ च्या स्वातंत्र्यावरच्या पुस्तकात मागासलेल्या समाजांना ते स्वातंत्र्य लागू नाही, अशी पळवाट ठेवली. आगरकरांच्या पिढीने पुस्तक उचललं आणि पळवाट सोडून दिली. वाचकाने लेखकाहून मोठं व्हावं ते असं.

स्वातंत्र्य आलं, साहेब गेला, वही राहिली. विसाव्या शतकात तिला नवी नावं मिळाली. अमेरिकेने १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्यात अशी कसोटी घातली की फायदा कोणालाही होवो, तो खर्चापेक्षा जास्त असला की प्रकल्प योग्य. १९३९ मध्ये अर्थशास्त्रज्ञांनी तिला सिद्धांताचं रूप दिलं: ज्यांचा लाभ झाला ते नुकसान झालेल्यांना भरपाई देऊनही फायद्यात राहू शकत असतील तर पुरे, प्रत्यक्ष भरपाई दिलीच पाहिजे असं नाही. हे ‘देऊ शकतील’ आणि ‘दिली’ यांतलं अंतर किती असतं, ते मुळशीच्या मावळ्यांनी आधीच पाहिलं होतं. १९२१ च्या रामनवमीला तिथे धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. पुढे ज्यांना सेनापती म्हटलं गेलं ते पांडुरंग महादेव बापट त्यात होते. धरण टाटा कंपनीचं, वीज मुंबईच्या गिरण्यांना, आणि जमीन घेण्याचं हत्यार १८९४ चा भूसंपादन कायदा, ज्यात ‘सार्वजनिक प्रयोजन’ काय हे सरकारने ठरवायचं होतं. एकूण हिशेबात मुंबईचा फायदा मावळ्यांच्या तोट्याहून मोठा होता, यात शंका नाही. पण बऱ्याच जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या होत्या आणि कसणारे कूळ म्हणून राबत होते. मोबदला कागदावरच्या नावाला मिळणार होता. पुण्यातले काही सावकार तर सत्याग्रहापेक्षा मोबदल्याच्या दराची चौकशी जास्त आस्थेने करत होते. ज्याचं भातखाचर बुडणार, तो वहीच्या कुठल्याच रकान्यात नव्हता.

१८९४ चा कायदा तब्बल १२० वर्षांनी हटला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधितांपैकी ८० टक्क्यांची आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्क्यांची संमती आवश्यक केली. सामाजिक परिणामांची पाहणी आली, तिची जाहीर सुनावणी आली, आणि जमीन नावावर नसलेला कूळ, मजूर, कारागीरही बाधितांत मोजला जाऊ लागला. मिलच्या १८२० च्या लेखातला अर्धा भाग जवळपास दोन शतकांनी गावात पोचला. विकास अडतो, ही त्यावरची ओरड ताबडतोब सुरू झाली आणि तिच्यात थोडं तथ्यही आहे: संमती मिळवायला वेळ लागतो, दलाल शिरतात, रखडलेल्या रस्त्याचा आणि कालव्याचा तोटाही खऱ्याच माणसांना होतो. पण उशिराची ही किंमत मांडताना पुढची बाजू कोरी ठेवली जाते. प्रिंगलची आकारणी रयतेच्या संमतीसाठी थोडी रखडली असती, तर इंदापूरचं नुकसान कदाचित कमी झालं असतं. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राने वटहुकूम काढून पाच प्रकारच्या प्रकल्पांना संमती आणि परिणाम-पाहणीतून मोकळीक दिली. तो पुन्हा पुन्हा काढावा लागला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये सोडून दिला गेला. नंतर महाराष्ट्रासह काही राज्यांनी स्वतःच्या दुरुस्त्या करून तशाच सवलतींची दारं किलकिली केली. त्या सवलतींचं समर्थन करणाऱ्या प्रत्येक भाषणात एकूण फायद्याचा आकडा असतो आणि तो बहुधा बरोबरही असतो. ज्याची जमीन जायची आहे त्याला मात्र तो आकडा सुनावणीत नव्हे, गॅझेटमध्ये वाचायला मिळतो. तोवर त्याच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कात भूसंपादनाचा शेरा बसलेला असतो, आणि क्षेत्राच्या शेजारी आकार तसाच असतो, दोन-चार रुपये आणि वर काही पैसे.